आमच्या लग्नाच्या याद्या

सोयरीक ठरली की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी याद्या करायला बसतात. कार्यालय कोणी घ्यायचे, जेवणावळीचा खर्च कोणाकडे, वरमाईचा मान काय, करवल्यांना काय, मुलीच्या अंगावर किती तोळे, हे सगळे कागदावर उतरते, कागदाला हळदकुंकू लागते, दोन्ही बाजूंच्या सह्या होतात आणि मगच पुढची बोलणी सुरू होतात. १९८९ साली माझ्या पहिल्या लग्नाच्या याद्या झाल्या तेव्हा मी आतल्या खोलीत कपबशा पुसत होते आणि माझ्याविषयी काय ठरले ते मला संध्याकाळी आईने सांगितले. दुसऱ्या लग्नाच्या याद्यांना मात्र मी स्वतः बसले, आणि वडीलधाऱ्यांच्या जागी आमची मुले होती: माझी दोन, त्यांची दोन, एक सून, एक जावई आणि मध्ये एक वकीलबाई. उतारवयातल्या लग्नाची रीत आपल्याकडे कोणी घालून दिलेली नाही, त्यामुळे कायद्याचे काम सरळ पार पडले तरी घरात एकेक गोष्ट नव्याने ठरवावी लागते. त्या ठरवण्याचाच हा वृत्तान्त आहे.

मी परळला राहते. अनुदानित शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत माझ्या पतींना मिळालेले तीनशे चौरस फुटांचे घर आहे आणि ते गेल्यापासून त्या घरात मी आणि माझ्या सासूबाई अशा दोघीच राहत होतो. मुलगा ठाण्याला, मुलगी पुण्याला. ज्यांच्याशी माझे लग्न झाले ते मुलुंडचे, बँकेतून निवृत्त झालेले, विधुर. ओळख वाचनालयात झाली आणि ती वाढायला काही वर्षे लागली. यापलीकडे सांगण्यासारखे त्यात काही नाही. या लेखात त्यांना मी ‘ते’ एवढेच म्हणणार आहे.

‘बरोबर राहा की, या वयात लग्न कशाला?’ हा प्रश्न मला सनातनी नातेवाइकांनी विचारला नाही, माझ्या सर्वांत पुरोगामी मैत्रिणींनी विचारला. त्यांचा हेतू चांगला होता, पण त्या सल्ल्यात मला एक जुनी गोष्ट ऐकू येत होती. माझ्या आजीच्या गावी, साताऱ्याकडे, विधवेने पुन्हा घर करणे निषिद्ध नव्हते. अनेक जातींत ती चाल होती, तिला पाट लावणे किंवा म्होतूर म्हणत. तो पाट रात्री लागे, वाजंत्री नसे, सवाष्णी तिथे थांबत नसत, आणि त्या बाईला पुढे आयुष्यभर ‘पाटाची’ म्हणून ओळखले जाई. ज्या जातींत ही चाल नव्हती त्यांच्यासाठी १८५६ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला खरा, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. तो कायदा रद्द व्हायला १९८३ साल उजाडले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली लग्न केले आणि मुरुडला त्यांच्यावर बहिष्कार पडला, हे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवले होते. इतके सगळे शिकवून झाल्यावर शेजाऱ्यांची नजर चुकवून मुलुंडला जाण्यायेण्यात मला रस नव्हता. दुसरे कारण अगदी व्यवहाराचे होते. त्यांना मागच्या वर्षी अँजिओप्लास्टीसाठी दाखल केले तेव्हा संमतीपत्रावर सही करायला त्यांचा मुलगा बंगळूरहून येईपर्यंत थांबावे लागले, कारण रुग्णाशी नाते या रकान्यात माझ्यासाठी लिहिण्यासारखे काही नव्हते.

याद्यांची बैठक मुलुंडला झाली. मुले चांगली आहेत, कोणी आवाज चढवला नाही, पण प्रत्येकाच्या मनात घर होते आणि ते बोलून दाखवायला कोणी धजावत नव्हते. शेवटी वकीलबाईंनीच विषय काढला आणि पहिल्याच वाक्यात आमचा एक मोठा गैरसमज दूर केला. परळचे घर माझे आहे असे आम्ही सारे धरून चाललो होतो, कारण संस्थेच्या भाग प्रमाणपत्रावर माझे नाव लागले होते. ते नाव नामनिर्देशनामुळे लागले होते, आणि नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने सांभाळ करणारी असते, तेवढ्याने ती मालक होत नाही. मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू पुरुषाची मालमत्ता त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात सारखी वाटली जाते. म्हणजे त्या घरात माझा हिस्सा चौथा होता. एक चतुर्थांश मुलाचा, एक मुलीचा, आणि एक सासूबाईंचा. ज्या बाईला सगळे ‘सुनेकडे राहते’ असे म्हणत होते ती इतकी वर्षे स्वतःच्याच घरात राहत होती.

पुढचा हिशेब आणखी मजेचा होता. पुनर्विवाहाने माझा तो चौथा हिस्सा जाणार नव्हता. परंतु मी मृत्युपत्र न करता गेले तर तो माझ्या दोन मुलांत आणि नव्या पतींत सारखा वाटला जाणार, म्हणजे त्यांना संपूर्ण घराचा बारावा भाग मिळणार. माझ्या जावयाने तिथल्या तिथे गणित केले: पंचवीस चौरस फूट. ‘ओटा आणि त्याच्यापुढं उभं राहण्याइतकी जागा,’ असे जावई म्हणाले आणि बैठकीत पहिल्यांदा हशा पिकला. मुलुंडच्या बाजूला मात्र हसण्यासारखे नव्हते, कारण ते मृत्युपत्राविना गेले असते तर पत्नी म्हणून त्यांच्या घराचा तिसरा हिस्सा माझा झाला असता. त्यांच्या मुलाने सुचवले की आम्ही दोघांनी एकमेकांच्या घरावर हक्क सांगणार नाही असे आधीच लिहून द्यावे. वकीलबाईंनी मान हलवली. उद्या कदाचित मिळेल अशा वारशावर आज पाणी सोडता येत नाही, अशा कागदाला कायद्यात किंमत नाही, करायचे तर मृत्युपत्रच करा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हिंदूंचे मृत्युपत्र लग्नाने आपोआप रद्द होत नाही (ख्रिस्ती आणि पारशी यांचे होते), तरीही ते लग्नानंतर करावे, म्हणजे त्यात नाती बिनचूक लिहिली जातील, असा त्यांचा सल्ला होता. मुलुंडचे घर त्यांच्या मुलांना, परळमधला माझा हिस्सा माझ्या मुलांना, त्यांच्या ठेवींपैकी एक माझ्या नावावर, असे ठरले आणि एका वहीच्या पानावर उतरवले गेले. त्या पानाला माझ्या सुनेने उठून देव्हाऱ्यातले हळदकुंकू लावले. ती थट्टा होती की खरेच तसे मनात होते, ते मी तिला विचारले नाही.

लग्न कोणत्या कायद्याखाली करायचे, हा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. दोघेही हिंदू असल्यामुळे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे विधी करून लग्न लावणे शक्य होते, पण विधी म्हटले की कन्यादान आले, आणि माझे दान करायला मुलाने पाटावर बसावे ही कल्पना मला सहन होण्यासारखी नव्हती. त्यांच्या धाकट्या बहिणीला मंगलाष्टके हवी होती. मलाही शार्दूलविक्रीडिताचा ठेका आवडतो, परंतु अंतरपाट धरून उभे राहायचे आमचे वय नाही असे मी म्हटले आणि त्यांनी ते मनाला लावून घेतले नाही. म्हणून आम्ही १९५४ चा विशेष विवाह कायदा निवडला. आंतरधर्मीय लग्न करणाऱ्यांचाच तो कायदा, असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. एकाच धर्माचे दोघेही त्याखाली लग्न करू शकतात, आणि दोघे हिंदू असतील तर १९७६ च्या दुरुस्तीपासून त्यांचा वारसाहक्क हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच चालतो, त्यामुळे आमच्या वहीतले हिशेब तसेच राहिले.

या कायद्यात आधी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकाचे तरी त्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी सलग तीस दिवस वास्तव्य असावे लागते. संकेतस्थळावर माहिती भरून, मग वयाचे आणि रहिवासाचे पुरावे घेऊन आम्ही फोर्टमधल्या कार्यालयात गेलो. विधवा आणि विधुर यांना त्याखेरीज आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. त्यांच्या पत्नी गावी वारल्या होत्या, आणि गावच्या दाखल्यावर त्यांचे घरातले लाडके नाव लिहिले गेले होते, शिधापत्रिकेवरचे नव्हते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले. ते करताना त्यांना आपल्या पत्नीचे नाव तीन-चार वेळा मोठ्याने सांगावे लागले आणि मी शेजारी बसून ते ऐकत होते. नोटिशीच्या नमुन्यात नाव, व्यवसाय, वय, पत्ता यांच्या रांगेतच ‘स्थिती’ असाही एक रकाना आहे. त्यात मी ‘विधवा’ असे लिहिले. हा शब्द मी हयातीच्या दाखल्यांवर अनेकदा लिहिला होता, पण या वेळी तो लग्नाच्या कागदावर होता आणि तिथे तो केवळ एक माहिती होता.

एकाच शहरात राहून आमची नोटीस दोन जिल्ह्यांत लागली. १९९० सालापासून मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे वेगळे जिल्हे आहेत. दुसरा पक्ष कायमचा दुसऱ्या जिल्ह्यात राहणारा असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही फलकावर लावली जाते. तीस दिवस ती लोकांसमोर राहते आणि त्या मुदतीत कोणीही हरकत घेऊ शकतो. घरच्यांचा विरोध असलेल्या तरुण जोडप्यांसाठी हा फलक किती धोक्याचा ठरतो हे वर्तमानपत्रांत वाचले होते, आणि ती तरतूद मला तेव्हाही पटत नव्हती. आमच्या बाबतीत त्या फलकाने एका चुलत दिरांना जागे केले. ‘घराण्याचं नाव जातं’ म्हणून हरकत नोंदवतो, असा त्यांचा फोन आला. हरकत घ्यायला कायद्यात कारणे मोजकीच आहेत: कोणाचा तरी जोडीदार हयात असणे, संमती देण्याची क्षमता नसणे, वय कमी असणे किंवा निषिद्ध नाते असणे. घराण्याचे नाव त्या यादीत नाही, हे मी त्यांना शांतपणे सांगितले. ते लग्नाला आले नाहीत, पण हरकतही आली नाही.

मधल्या काळात पत्रिकेचे काम होते. गिरगावातल्या खत्तर गल्लीत पत्रिकांच्या दुकानांची रांग आहे, तिथे मी आणि त्यांची मुलगी गेलो. दुकानदाराने समोर नमुन्यांची चळत ठेवली आणि पेन उघडून विचारले, ‘वधूच्या वडिलांचं नाव?’ माझे वडील हयात नाहीत. ‘मग काका, मामा, कोणी निमंत्रक?’ वधू मीच आहे हे सांगितल्यावर त्याने चश्मा वर केला आणि मग अगदी धंदेवाईक शांतपणाने पुढचा प्रश्न विचारला, ‘मग चि. सौ. कां. टाकायचं, की श्रीमती?’ माझ्या मुलाच्या लग्नपत्रिकेत माझ्या नावामागे ‘गं. भा.’ छापायचे की नाही यावरून घरात वाद झाला होता, तेव्हा मी ‘श्रीमती’वर भागवले होते. या वेळी नावांमागे काहीच नको असे सांगितले. मजकूर त्यांच्या मुलीने तिथेच उभ्या उभ्या लिहिला: आमची आई आणि आमचे बाबा विवाहबद्ध होत आहेत, आपण जेवायला यावे, आहेर आणू नये; खाली चौघा मुलांची नावे. दुकानदाराने वाचून पाहिले आणि म्हणाला, ‘वर गणपती तर ठेवायचा ना?’ गणपती ठेवला.

सर्वांत अवघड बोलणे सासूबाईंशी होते, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात त्यांना मी सर्वांच्या आधी सांगितले होते, आणि त्यांनी एवढेच विचारले होते की मी कुठे राहायचं. त्याचे उत्तर आमच्याकडे तयार होते. मी मुलुंडला जाणार नव्हते, तेच परळला येणार होते. नंतर बरेच दिवस त्या त्या विषयावर काही बोलल्या नाहीत. लग्नाच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी हरभऱ्याची डाळ भिजत घातलेली दिसली. विचारले तर म्हणाल्या, ‘पोरीचं केळवण माहेरी होतं. तुझी आई नाही. मग करणार कोण?’ पंचाऐंशी ओलांडलेल्या बाईने खुर्चीवर बसून पुरण वाटून घेतले, कटाची आमटी स्वतः फोडणीला घातली, कुरडया तळायला नणंदेला बोलावले. पाटाभोवती रांगोळी, ताटाला महिरप, सगळे रीतसर केले. मात्र ओटी भरायची वेळ आली तेव्हा त्या मागे सरकल्या. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी असे ताट त्यांनी स्वतः लावले होते, तरी ते उचलून नणंदेच्या हातात दिले. ‘आई, तुम्हीच भरा,’ असे मी म्हटले. ‘तुमचं तुम्ही पाळा, माझं मला पाळू द्या,’ असे त्यांचे उत्तर होते. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या कुंकू पुसण्या-बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा मी शाळेत त्यावर भाषण केले होते. त्या दिवशी स्वयंपाकघरात मात्र मी आग्रह केला नाही. सुनेला नवरी करून पाटावर बसवणाऱ्या बाईकडून आणखी किती मागायचे, याला काही मर्यादा आहे असे मला वाटले.

लग्नाचा दिवस कार्यालयीन वेळेत उरकला. नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न झाले नाही तर सगळे पुन्हा करावे लागते, म्हणून तारीख आधीच घेऊन ठेवली होती. व्हरांड्यात आमच्याखेरीज सारी तरुण जोडपी होती. शिपायाने माझ्या मुलीच्या हातातला हार पाहून तिलाच नाव विचारले. तीन साक्षीदार लागतात. माझा मुलगा, त्यांची मुलगी आणि माझी नणंद असे आम्ही निवडले होते. पहिल्या पतीच्या सख्ख्या बहिणीने भावजयीच्या दुसऱ्या लग्नाला साक्षीदार म्हणून सही करावी, हे तिने स्वतःहून सुचवले होते, आणि त्यावरून तिच्या सासरी काय झाले असेल ते तिने मला आजवर सांगितलेले नाही. आधी प्रतिज्ञापनावर आमच्या आणि साक्षीदारांच्या सह्या झाल्या. त्यानंतर अधिकाऱ्यांसमोर दोघांनी एकमेकांना उद्देशून एक वाक्य म्हणायचे असते: मी अमुक, तुम्हांला माझे कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत ते म्हणता येते. बाकी हार, पेढे, मंगळसूत्र काय करायचे ते करा, हे वाक्य म्हटल्याशिवाय लग्न पुरे होत नाही. त्यांचा आवाज बँकेत रोकड मोजून देतानाचा असावा तसा खणखणीत निघाला. माझा निघाला नाही, म्हणून अधिकारीबाईंनी ‘जरा मोठ्याने’ असे सांगितले आणि मी ते वाक्य पुन्हा म्हटले.

जेवण दादरच्या एका लहान सभागृहात झाले. जिलबी, मठ्ठा, मसालेभात. मानपान ठेवलेच नव्हते, तरी त्यांच्या थोरल्या बहिणीला विहिणीचा मान म्हणून साडी हवी होती असे दुसऱ्या दिवशी कानावर आले, आणि मी हिंदमाताला जाऊन ती घेऊन आले. काही गोष्टींवर वाद घालण्यापेक्षा साडी स्वस्त पडते.

नंतरची कामे कंटाळवाणी, पण टाळण्याजोगी नाहीत. माझी स्वतःची निवृत्तिवेतनाची रक्कम तशीच चालू राहिली. पहिल्या पतींच्या खासगी कंपनीतल्या नोकरीमुळे १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून मला विधवा म्हणून जी छोटी रक्कम मिळत होती ती मात्र पुनर्विवाहाबरोबर थांबते. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासोबत पुनर्विवाह केला नसल्याचे सांगावे लागे. यंदा नोव्हेंबरची वाट न पाहता मी वांद्र्याच्या भविष्य निधी कार्यालयात अर्ज नेऊन दिला. ओळखीच्या दोघीतिघींनी ‘सांगितलंसच कशाला?’ असे विचारले. नाव मी बदलले नाही, कायद्याने ते बंधनकारकही नाही. मृत्युपत्रे दोन साक्षीदारांसमोर करून नोंदवली. नोंदणी सक्तीची नसते, परंतु त्यांच्या मुलाला त्याने बरे वाटले.

पितृपक्षात त्यांच्या मुलीचा फोन आला. सवाष्णपणी गेलेल्या बाईच्या नावाने अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला घालतात. तिच्या आईच्या नावाने दर वर्षी शेजारच्या एक बाई येत असत. ‘काकू, या वर्षी तुम्ही याल?’ असे तिने विचारले. नणंदेचे म्हणणे पडले की दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीच्या नावाचे जेवू नये. सासूबाई म्हणाल्या, जेवायला बोलावलंय, भांडायला नाही, जा. मी गेले. आईला आवडायची म्हणून तिने लाल भोपळ्याची भाजी आणि गव्हल्यांची खीर केली होती. आम्ही तिच्या आईविषयी बराच वेळ बोललो, आणि ती बोलत असताना ते मध्येच उठून गॅलरीत गेले.

आता दिवाळी तोंडावर आली आहे. पहिल्या दिवाळसणाला जावयाला बोलावून अभ्यंगस्नान आणि आहेर करायचा मान वधूच्या माहेरचा असतो. माझा मुलगा म्हणतो, तो मान माझा, तुम्ही दोघे ठाण्याला या. सासूबाई म्हणतात, केळवण मी केले तेव्हा दिवाळसणही माझाच. ते स्वतः म्हणतात की परळच्या घरातून परळच्याच घरी दिवाळसणाला जायचे कसे, तेवढे कोणीतरी आधी सांगा.